चार जीबीच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलांसाठी प्राचार्यांना खुले पत्र

मा. प्राचार्य,
तसेच संस्थेचे मा. अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य यांस,



मी तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान चालवतो. माझी मुलगी आपल्या महाविद्यालयात बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दीड वर्षात मी आपल्याकडे तीन अर्ज दिले. पहिला ऑगस्ट २०२४ मध्ये, दुसरा जानेवारी २०२५ मध्ये आणि तिसरा जुलै २०२५ मध्ये. तिन्ही प्रतींवर आपल्या कार्यालयाचा आवक शिक्का आहे. उत्तर एकाचेही नाही. चौथा अर्ज लिहून त्यावर आणखी एक शिक्का घेण्यापेक्षा हे पत्र सर्वांसमोर लिहावे असे मला वाटले. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम टाळतो आहे, कारण तिथल्या मुलांना त्याच नावाची पदवी घेऊन नोकरी शोधायची आहे. पत्र कोणासाठी आहे हे आपल्याला सांगावे लागणार नाही.

जून २०२३ मध्ये प्रवेशाच्या वेळी आपल्या सभागृहात लॅपटॉपचा स्टॉल लागला होता. स्टॉल विक्रेत्याचा होता, पण टेबल आपले, बॅनरवर नाव आपले, आणि पालकांना तिकडे पाठवणारे प्राध्यापकही आपलेच. हातात दिलेल्या पत्रकावर लिहिले होते, ‘तीन वर्षांच्या संपूर्ण अभ्यासक्रमासाठी उपयुक्त’. ते पत्रक मी जपून ठेवले आहे. लॅपटॉप सेलेरॉन प्रोसेसरचा, चार जीबी रॅमचा आणि एक टीबी हार्ड डिस्कचा होता. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवण्याची सोय नाही. मी प्राध्यापकांना विचारले, एवढे पुरेल का? ते म्हणाले, आरामात. मी चोवीस हजार पाचशे रुपये भरले. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी बचत गटाकडून कर्ज काढले होते. त्यांनीही तोच लॅपटॉप घेतला.

आता नोव्हेंबर २०२५ मध्ये आपण नोटीस लावली आहे. जानेवारीपासूनच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा, किमान आठ जीबी रॅम आणि विंडोज ११ असलेला लॅपटॉप ‘अनिवार्य’ राहील. म्हणजे ज्या लॅपटॉपची तीन वर्षांची हमी आपल्या सभागृहात दिली गेली, तो अडीच वर्षांत आपल्याच सहीने बाद झाला. ही नोटीस काढताना ते पत्रक आपल्यापैकी कोणाच्याच डोळ्यांसमोर आले नाही का? आणि आले असेल, तर पालकांशी एका शब्दाने बोलावे असे आपल्याला का वाटले नाही?

हा लॅपटॉप कसा चालत होता ते सांगतो. आपल्या मुलांकडूनही आपण हे ऐकले आहे, पण एकदा नीट लिहून ठेवले पाहिजे. विंडोज १० घालून आलेला तो लॅपटॉप पहिल्याच महिन्यात विंडोज ११ वर गेला. बटण दाबल्यापासून एक वर्डची फाईल उघडून तीत टाईप करता येईपर्यंत मी दुकानातल्या घड्याळावर वेळ मोजली. साडेसहा मिनिटे. काहीही न उघडता अडीच जीबीहून जास्त रॅम भरलेली असायची. उरलेल्या जागेत ब्राउझर उघडला की रॅम संपायची, आणि रॅम संपली की यंत्रणा हार्ड डिस्कचाच रॅमसारखा वापर करू लागायची. फिरणारी डिस्क त्या कामाला फारच मंद असते. त्याच वेळी मागे अपडेट उतरत असायचे, अँटिव्हायरस फायली तपासत असायचा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे शंभर टक्के दिसायचे आणि माउसचा बाण जागच्या जागी थांबायचा. विंडोज ११ साठी कंपनीने सांगितलेली किमान अट चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण आहे. किमान म्हणजे फक्त चालू होण्यापुरते. त्यावर अभ्यास होतो असे कोणी म्हटलेले नाही. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या विभागाला हा फरक ठाऊक नव्हता, असे मी कसे मानू?

आपल्या विभागाकडे तक्रार केली तेव्हा मुलीला दोन उत्तरे मिळाली. पहिले, ‘फॉरमॅट मारून घे.’ आम्ही दोनदा फॉरमॅट केला. आठवडाभर बरा चालला, मग अपडेट आले आणि पुन्हा तेच. दुसरे उत्तर, ‘नवीन घे.’ ते कोणत्या पैशातून घ्यायचे हे विचारण्याचे धाडस एकोणीस वर्षांच्या मुलीला झाले नाही. मी ते आज विचारतो आहे.

संध्याकाळी सातनंतर माझ्या दुकानात आपली मुले येतात. पेन ड्राइव्ह हातात असतो आणि चेहऱ्यावर दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनची भीती. ‘काका, आमचा लॅपटॉप उघडत नाहीये, तुमच्याकडे दहा मिनिटं बसू का?’ गेल्या वर्षी एका मुलाची बत्तीस पानांची जर्नल फाईल हँग झालेल्या लॅपटॉपमध्ये अडकून खराब झाली. तो माझ्या काउंटरशी उभा राहून रडला. त्याचे वडील ऊसतोडीला गेले होते. फोन करून त्यांना काय सांगायचे हेच त्याला कळत नव्हते. ती त्याने पुन्हा लिहून काढल्यावर मी पैसे न घेता छापून दिली, पण त्याचे गेलेले पंधरा दिवस मला परत देता आले नाहीत.

२०२४ च्या गणपतीच्या सुट्टीत मी, माझी मुलगी आणि माझा भाचा असे तिघे बसलो आणि ठरवले की जुन्या यंत्राला झेपेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम शोधायची. लिनक्स हे नाव मी ऐकून होतो, एवढेच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीत आहेत. लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मी रात्री दुकान बंद केल्यावर बघितले. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मला ते समजले. आपल्या विभागाच्या बाहेरच्या भिंतीवर त्याच प्रकल्पाचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. मी ते अडीच वर्षे बघतो आहे. ते धडे आपल्या वर्गात किती वेळा लावले गेले?

आम्ही चार पेन ड्राइव्ह तयार केले. या पद्धतीची सगळ्यांत चांगली गोष्ट ही की लॅपटॉपमध्ये काहीही न घालता यंत्रणा पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. पपी लिनक्स आधी लावले. ते जवळजवळ सगळेच रॅममध्ये बसते आणि जुन्या यंत्रावर थक्क करणारे चालते. मुलीच्या जुन्या फायली आम्ही त्याच्याच मदतीने बाहेर काढल्या. पण त्यात वापरणारा नेहमी सर्वाधिकारी म्हणूनच काम करतो. शिकणाऱ्या मुलीच्या रोजच्या वापराला ते मला सुरक्षित वाटले नाही. अँटीएक्स त्याहून आवडले. सुरू झाल्यावर त्याने तीनशे एमबीही रॅम घेतली नाही. कोणाकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचा, दोन जीबीचा लॅपटॉप असेल तर मी आजही तेच सांगतो. मात्र त्याची मांडणी मुलीला परकी वाटली, आणि परीक्षा जवळ असताना नवी सवय लावायला तिच्याकडे वेळ नव्हता.

मग लुबुंटू आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती यांत निवड उरली. लुबुंटू अधिक हलके होते. पण २४.०४ या लुबुंटूला सुरक्षेची अद्यतने तीनच वर्षे, २०२७ पर्यंत मिळणार होती, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत. मुलीनंतर हा लॅपटॉप तिच्या धाकट्या भावाला वापरायचा आहे. आमच्या घरात वस्तू अशीच पुढे जाते. म्हणून मिंट घेतले. त्याची अट दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा एवढीच, चार जीबी असेल तर उत्तम. क्रोमओएस फ्लेक्सचाही विचार केला होता, पण ते मुख्यतः ब्राउझरभोवती रचलेले आहे. आमच्या गावात पावसाळ्यात इंटरनेट दोन-दोन दिवस नसते आणि मुलीला सी आणि जावाचे प्रोग्राम घरीच चालवायचे होते.

बसवताना वाय-फाय चालेना. मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, ड्रायव्हर उतरवला, एक तास गेला. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आत तयारच होता. सेटिंगमध्ये मराठी निवडले आणि मी पहिली ओळ टाईप केली, तेव्हा मला फार बरे वाटले. माझ्या हाताखालून शेकडो मुले टायपिंग शिकून गेली आहेत. मराठी हा माझ्या पोटापाण्याचा आणि जिव्हाळ्याचा विषय आहे. दिवाळीत सतराशे पन्नास रुपयांची २५६ जीबीची एसएसडी घेऊन हार्ड डिस्कच्या जागी बसवली. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आसपास सुरू होतो आणि सुरू झाल्यावर एक जीबीपेक्षा कमी रॅम घेतो. ब्राउझरमध्ये बारा-पंधरा टॅब उघडले तर तो आजही अडखळतो. वेबसाइटच जड झाल्या आहेत, त्यावर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण उपाय करू शकत नाही. पण लेख लिहिणे, प्रोग्राम लिहून चालवणे, पीडीएफ वाचणे, व्हिडिओवरचे व्याख्यान ऐकणे हे सारे आता विनातक्रार होते. सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागला नाही.

एवढे सगळे सविस्तर लिहितो आहे, कारण हे काम आपले होते. एका झेरॉक्सवाल्याला चार रात्री बसून जे जमले, ते संगणकाचे प्राध्यापक, लॅब असिस्टंट आणि दोन संगणक कक्ष असलेल्या विभागाला अडीच वर्षांत का जमले नाही? आणि जमले नसेल तर नसो, ज्यांनी स्वतः केले त्यांच्या वाटेत आपण उभे का राहिलात?

डिसेंबर २०२४ मध्ये डेटा स्ट्रक्चर्सची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. आपल्या प्रयोगशाळेत अजून टर्बो सी वापरतात. बोरलँड कंपनीचे ते उत्पादन १९८० च्या दशकाच्या अखेरचे, डॉसच्या काळातले, सोळा बिटचे आहे. आजच्या चौसष्ट बिट विंडोजवर ते थेट चालतही नाही. डॉसबॉक्स नावाचा आणखी एक प्रोग्राम घालून त्याच्या आत ते चालवावे लागते. माझी मुलगी घरी जीसीसी वापरते. हा कंपायलर १९८७ पासून आहे आणि आजही दर वर्षी सुधारला जातो. तिने जर्नलमध्ये जीसीसीवर चालवलेले प्रोग्राम आणि त्यांचे आउटपुट लावले. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, पाने उलटली आणि म्हणाले, टर्बो सीची निळी स्क्रीन कुठे आहे? प्रोग्राम बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. पुढे व्हायवात विचारले, इंटिजरचा आकार किती बाइट? ती म्हणाली, चार. तिच्या लॅपटॉपवर तो चारच येतो, आज जवळजवळ प्रत्येक संगणकावर चारच येतो. त्यांनी ‘दोन’ असे सांगून चूक दिली, कारण टर्बो सीमध्ये तो दोन असतो.

वीसपैकी नऊ गुण मिळाले. गुणांचे दुःख आहेच. पण खरे उत्तर दिल्याबद्दल मुलीला खाली मान घालावी लागली, ते मला जास्त लागले. त्या संध्याकाळी घरी येऊन ती मला म्हणाली, ‘बाबा, पुढच्या वेळी मी दोनच सांगते.’ आपण शिक्षक आहात. आपल्या विद्यार्थिनीने हे वाक्य उच्चारावे, यावर आपल्याला काय म्हणायचे आहे? जानेवारीच्या अर्जात मी हा प्रसंग असाच लिहिला होता. तो अर्ज आपण वाचला असणार, कारण त्यानंतर आठवड्याभरात मुलीला विभागात बोलावून ‘वडिलांना अर्जबिर्ज करायला सांगू नकोस’ असे समजावण्यात आले.

अंतर्गत परीक्षा आपण एका अॅपवर घेता. ते फक्त विंडोजवर चालते. मी विचारले, दुसरी सोय आहे का? कार्यालयातून उत्तर मिळाले, कंपनीशी करार झाला आहे. म्हणून गेले वर्षभर आमच्या घरी काय चालते ते ऐका. परीक्षेच्या आदल्या रात्री मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. लॅपटॉपचे मागचे झाकण काढतो, एसएसडी बाहेर काढतो, जुनी हार्ड डिस्क परत बसवतो. त्या डिस्कवर जुने विंडोज आहे. कित्येक आठवड्यांनी सुरू झाल्यामुळे ते लगेच अपडेट घ्यायला लागते. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवतो, म्हणजे सकाळपर्यंत अपडेट संपावे. परीक्षा झाली की पुन्हा झाकण, पुन्हा अदलाबदल. झाकणाच्या दोन खाचा आता तुटल्या आहेत. मार्च २०२५ मधल्या साठ मिनिटांच्या परीक्षेत अकरा मिनिटे स्क्रीन गोठली होती. तिने हात वर केला. पर्यवेक्षकांनी सांगितले, लॅपटॉप तुझा आहे, जबाबदारी तुझी.

लॅपटॉप तिचा आहे, हे मान्य. तो घ्यायला कोणी सांगितले? त्यावर काय चालले पाहिजे हे कोण ठरवते? अॅपचा करार कोणी केला, आणि करताना ते एकाच यंत्रणेवर चालते हे कोणाच्या लक्षात आले नाही? महाविद्यालयाच्या साठ संगणकांच्या कक्षात ही परीक्षा घेता आली असती. ती मुलांच्या घरच्या यंत्रांवर ढकलण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला?

त्या कक्षाविषयीही बोलतो. माहितीपुस्तिकेत पान क्रमांक चौदावर छापले आहे, ‘संगणक कक्ष सकाळी ८ ते रात्री ८ विद्यार्थ्यांसाठी खुला’. आमच्या गावाहून पहिली एसटी आठ वाजून दहा मिनिटांनी आपल्या फाटकाशी पोचते. तास अकराला सुरू होतात. मधले जवळजवळ तीन तास या मुलांना त्या कक्षात बसता आले असते, तर निम्म्या घरांना लॅपटॉपची एवढी निकड भासलीच नसती. कक्षाला कुलूप असते. ते पावणेअकराला निघते आणि साडेचारला परत लागते. मी स्वतः तीन वेगवेगळ्या सोमवारी येऊन पाहिले आहे. कुलपासमोर जिन्यात बसून मुली मोबाईलवर प्रोग्राम टाईप करत होत्या.

माहिती अधिकारात मी दोन गोष्टी विचारल्या. संगणक कक्षाच्या वापराची नोंद, आणि गेल्या तीन वर्षांत सॉफ्टवेअर परवान्यांवर झालेला खर्च. कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. चौतिसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले, ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ मुलांकडून दर सत्राला ‘संगणक शुल्क’ मात्र संकलित होते, आणि त्याची पावतीही मिळते.

प्रकल्प अहवालाचा नमुना म्हणून आपण जी फाईल पाठवता, तिचे मराठी मुखपृष्ठ युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये आहे. ती लिनक्सवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. ‘तुझ्या सिस्टीममुळे बिघडले’ असे मुलीला सांगण्यात आले. तो फॉन्ट नसेल तर ती फाईल विंडोजवरही तशीच दिसते. माझा हा रोजचा धंदा आहे, यात मला कोणी शिकवू नये. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. मी आपल्याला त्याच मुखपृष्ठाची युनिकोड प्रत करून पाठवली होती. तिची पोचही आली नाही आणि नमुना आजही जुनाच फिरतो आहे.

‘उद्योगात विंडोजच लागते, आम्ही मुलांना त्यासाठी तयार करतो’, असे विभागप्रमुखांनी पालक सभेत सांगितले. मी त्यांचा आदर करतो, पण हे म्हणणे मला मान्य नाही. त्या सभेत बसलेल्या जवळजवळ प्रत्येक पालकाच्या खिशात अँड्रॉइड फोन होता आणि अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून फक्त लिनक्स चालवणारी यंत्रे आहेत. ज्या सी-डॅकने पुण्यात परम महासंगणक घडवले, त्याच सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांसकटची लिनक्स यंत्रणा दिली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने तर शाळेपासूनच हे केले आहे. तिथल्या सरकारी शाळांतली मुले काईट संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर शिकतात आणि दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा मुक्त सॉफ्टवेअरवर देतात. ती मुले उद्या याच उद्योगात आपल्या मुलांशेजारी मुलाखतीला बसणार आहेत.

काही गोष्टींना विंडोज लागते, हे मी नाकारत नाही. माझ्या दुकानातही एक संगणक विंडोजचा आहे, कारण टॅली आणि काही सरकारी कामे त्याशिवाय होत नाहीत. ऑटोकॅड शिकणाऱ्या मुलाला मी मिंट लावून देणार नाही. पण बीसीएच्या अभ्यासक्रमात असे काय आहे? सी, सी++, जावा, पायथन, डेटाबेस, वेब. यातले एकही लिनक्सवर अडत नाही. आपल्याच विभागातल्या दोन प्राध्यापकांनी मला हे बोलून दाखवले आहे. त्यांची नावे मी सांगणार नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आपल्या नोटिशीमागे हेच कारण असावे. मग मला सांगा, आपल्या कक्षातल्या साठ संगणकांचे काय? ते विंडोज १० वरच आहेत. मी जवळून बघितलेल्या यंत्रांवर इंटेलच्या सहाव्या पिढीचे स्टिकर आहेत, आणि विंडोज ११ काही अपवाद सोडता आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे जी अट महाविद्यालयाच्या स्वतःच्या यंत्रांना पूर्ण करता येत नाही, ती शेतमजुराच्या मुलाने सहा आठवड्यांत पूर्ण करायची. आज आठ जीबीचा साधा लॅपटॉप घ्यायचा तर तीस-पस्तीस हजार रुपये लागतात. बचत गटाच्या त्या बाईंचे पहिले कर्ज ऑगस्टमध्ये फिटले. नोटीस वाचून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, मुलाला एक वर्ष घरी बसवलं तर चालंल का?’ या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. ते आपण द्यायचे आहे.

मला जे हवे आहे ते फार नाही. ती नोटीस लेखी मागे घ्या. विद्यार्थ्याचा प्रोग्राम कोणत्याही चालू कंपायलरवर बरोबर चालत असेल तर तो बरोबर धरला जाईल, असे परिपत्रक काढा आणि ते एक्स्टर्नलच्या हातात प्रॅक्टिकलच्या आधी द्या. अॅपवरची परीक्षा महाविद्यालयाच्या कक्षात घ्या, निदान ज्यांच्याकडे विंडोज नाही त्यांच्यासाठी. कक्ष पुस्तिकेत छापलेल्या वेळेप्रमाणे उघडा. आणि ज्या मुलांचे लॅपटॉप मंद आहेत त्यांची यादी करून विभागाने स्वतः सांगावे, कोणत्या यंत्रावर कोणती यंत्रणा बसवायची, कुठे एसएसडी पुरेल, कुठे काहीच उपाय नाही. तिथे महाविद्यालयाने वापरायला संगणक द्यावा. ‘लॅपटॉप बँक’ हे शब्दही आपल्याच पुस्तिकेत आहेत, पान क्रमांक सोळा.

माझ्या दुकानात सहा पेन ड्राइव्ह तयार आहेत. दोनवर अँटीएक्स आहे, तीनवर मिंट, एकावर लुबुंटू. गेल्या दिवाळीपासून आपल्या महाविद्यालयातल्या चौदा मुलांचे लॅपटॉप मी आणि भाच्याने सुरू करून दिले आहेत. त्यातला एक नंतर बिघडला, त्याची डिस्कच गेली. बाकी तेरा चालू आहेत, आणि त्या तेरा मुलांना पुढच्या महिन्यात आपल्या नोटिशीप्रमाणे नव्या सत्राला बसता येणार नाही. आपण परवानगी दिलीत तर येत्या दोन शनिवारी आम्ही आपल्या कक्षात येऊन बसू, ज्याला हवे त्याचा लॅपटॉप विनामूल्य करून देऊ. आपल्या लॅब असिस्टंटनी शेजारी बसून बघावे, म्हणजे पुढे ते काम त्यांना करता येईल. परवानगी लेखी हवी, सही आणि तारखेसह. सत्र ५ जानेवारीला सुरू होते आहे. मी २० डिसेंबरपर्यंत दुकानात वाट पाहीन.

आपला,
बीसीए तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा पालक